ताईचा अर्धा चेहरा

सोमवार, २ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. दुसरं कोणी वाचणार नाही, त्यामुळे शोभेचं काही लिहायचं नाही. खरं तेवढंच.

संकल्प: रोज तीन गोष्टी. एक फोटो काढायचा, साध्या जगण्यातला. संगीताचा एक तुकडा ऐकायचा, दुसरं काहीही न करता. आणि एक सार्वजनिक कलाकृती बघायची. पुतळा, कारंजं, भिंतीवरचं चित्र, वाटेत असेल ते, पण थांबून. प्रेरणेसाठी डोंगरावर जावं लागत नाही, ती बसस्टॉपवर उभी असते, असं माझं ठाम मत झालेलं आहे.

आजचा फोटो: बसस्टॉप. प्रेरणा नव्हती. बसही नव्हती.

स्टुडिओत लागून महिना झाला. स्टुडिओ म्हणजे परवाना कचेरीच्या समोरचं लांबट दुकान. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे. कचेरीत परवान्याचे, लायसन्सचे, पेन्शनचे अर्ज द्यायला निघालेली माणसं इथे छोटे फोटो काढून घेतात. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणाल्या, एवढं शिकून आयकार्डचे फोटो? म्हणोत. चेहरा तो चेहराच. किती मोठा छापतात हा किरकोळ तपशील आहे.

मालक, म्हणजे काका, मला नावाने हाक मारत नाहीत. ग्रॅज्युएट म्हणतात. ग्रॅज्युएट, दिवा लाव. ग्रॅज्युएट, झाडू कुठे ठेवलास.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ताईला नोकरी लागली!

समुद्रापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात. त्यांचं स्वतःचं शिवणखातं आहे. चादरी, पडदे, ऑपरेशनचे गाऊन, सगळं तिथेच शिवतात. ताई मुख्य. हाताखाली बायका. आणि राहायला स्वतंत्र खोली. खोलीचं तिने परत परत सांगितलं. आमच्या खोलीत तिची कॉट, माझी कॉट आणि मध्ये शिवणाचं मशीन आहे. मशीन ओलांडल्याशिवाय दोघींपैकी कोणालाच दाराकडे जाता येत नाही.

एजन्सीच्या बाई माणसं तुकडीने पाठवतात. तेरा मार्चपर्यंत कामाचा परवाना हातात पाहिजे, नाहीतर जागा दुसरीला देणार. मी म्हटलं, फाइल माझ्याकडे. बाबा म्हणाले, तिच्याकडेच दे, घरात वाचणारी ती एकटी, आपण सगळे सह्या करणारे. आई म्हणाली, वेंधळी आहे पण शिकलेली आहे. हे कौतुक धरलं आहे.

बाबांची पाठ गेली तेव्हा ताईने शाळा सोडली आणि गणवेशाच्या कारखान्यात मशीन धरलं, म्हणून मी कॉलेज केलं. घरात हे कोणी बोलून दाखवत नाही. त्यामुळे जास्तच ऐकू येतं.

फाइल अशी करीन की कचेरीवाले जपून ठेवतील.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

स्टुडिओत सुधारणा. पडद्याशेजारी कित्येक वर्षं एक पाटी होती. मान सरळ. तोंड मिटलेलं. हसू नये. दोन्ही कान दिसावेत. चेहऱ्यावर सावली नको. तुरुंगातसुद्धा याहून प्रेमाने बोलत असतील. माणूस आत येतो, ही पाटी वाचतो आणि तिथेच मरतो. मग त्या मेलेल्याचा फोटो आपण काढतो.

पाटी काढली आणि माळ्यावर टाकली. तिथे मी काढलेला जिन्याच्या कठड्याचा फोटो लावला. काकांनी विचारलं, हे काय? म्हटलं, रचना. बरं, म्हणाले, आणि रेडिओ नीट लावायला लागले. त्यांचा विरोध नाही याची नोंद.

संगीत: रेडिओची खरखर. ऐकत राहिलं तर तिलाही लय आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

प्रत्येक गिऱ्हाइकाला आता मी स्टुलावर बसवल्यावर आधी सांगते, आवडत्या माणसाची आठवण काढा. एका म्हाताऱ्या बाईंनी काढली आणि रडायला लागल्या. तोच क्षण टिपला. विलक्षण फोटो. त्यांनी बघितला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, बाळा, यावर मला पेन्शन मिळेल ना?

एक टॅक्सीवाला बाजूच्या उजेडात इतका सुंदर दिसत होता की त्याला खिडकीकडे बघायला सांगितलं. तो म्हणाला, ओ मॅडम, मला लायसन्स पाहिजे, तुम्ही मला हिरो कशाला करताय?

लोकांना स्वतःचा चेहरा बघायची सवय राहिलेली नाही. काम मोठं आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी

ताईचा फोटो काढला. स्टुडिओत नाही, घरीच, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. भांडी आटपून हात पुसत आली आणि उजेड अगदी डावीकडून पडला. अर्धा चेहरा उजळलेला, अर्धा काळोखात. पाटावरून घसरत मी सात-आठ काढले, पण पहिलाच तो. आजपर्यंतचं माझं सर्वांत चांगलं काम.

ताईने बघून विचारलं, अगं, माझं अर्धं तोंड कुठे गेलं? मी समजावलं की उरलेला अर्धा बघणाऱ्याने आपल्या मनाने पूर्ण करायचा असतो. ती म्हणाली, कचेरीतला माणूस करील पूर्ण? आई म्हणाली, दिवा लावायचास की गं. बाबा बराच वेळ फोटो धरून बसले. मग म्हणाले, बरोबर आहे, अर्धी इथेच ठेवून जाणार आहे ती.

मग ताई म्हणाली, जाऊ दे, ती शिकलेली आहे, तिला कळतं.

कळतंच.

मंगळवार, १० फेब्रुवारी

फाइल दिली. फॉर्मवर फोन नंबर माझा टाकला, म्हणजे ताईला कामावर कटकट नको. काउंटरवरच्या साहेबांनी फोटो उलटा-सुलटा करून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि ट्रेमध्ये टाकला. भारावून गेले असावेत.

कलाकृती: कचेरीच्या अंगणातले दोन मोठे पितळी हात. जमिनीतून वर आलेले, ओंजळ धरलेली, ओंजळीत काही नाही. हे देणारे हात आहेत की मागणारे? रोज समोरून जाते आणि आज पहिल्यांदा विचार केला. एका माणसाने ओंजळीत टिफिन ठेवून चपलेचा सुटलेला अंगठा बसवला आणि टिफिन उचलून निघून गेला. त्याचा फोटो काढायचा राहिला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

ताईने बॅग आणली. चाकांची. मशीनच्या मागे ठेवली आहे. आता दाराकडे जायला मशीन आणि बॅग दोन्ही ओलांडावं लागतं. आई म्हणते, आधी जाऊ दे तिला, मग बॅग काढा म्हणजे घर रिकामं वाटेल. आईच्या विनोदांना अलीकडे शेवट नसतो.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मेसेज आला. फोटो नामंजूर. कारण: चेहरा पूर्ण दिसत नाही.

शांत डोक्याने विचार केला. हा नकार ताईला नाही, हा दृष्टीला आहे. प्रत्येक नव्या गोष्टीला पहिल्यांदा हेच ऐकावं लागतं. साधा फोटो काढून दिला तर उद्या निघेल, हे मलाही कळतं. पण मग आपण कशाला शिकलो?

ताईला सांगितलं नाही. उगाच टेन्शन. तेरा मार्च खूप लांब आहे.

आज स्टुडिओत टॅक्सीवाला परत आला. त्याचाही नामंजूर. काकांनी त्याला न बोलता दुसरा काढून दिला. गेल्यावर मला म्हणाले, ग्रॅज्युएट, कान दिसू दे जरा लोकांचे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

ताईने कारखान्यात राजीनामा दिला.

मला ठाऊक नव्हतं ती आजच देणार आहे. संध्याकाळी आली तीच हसत. सुपरवायझरने नेहमीसारखं, कापड कमी का पडलं, कोणी नेलं, असं तिच्याकडे बघत विचारलं. ताईने म्हणे कात्री टेबलावर ठेवली आणि सगळ्या लाइनसमोर त्याला सांगितलं, कापड तुमच्या साडूच्या दुकानात बघा, तिथे आमच्या गणवेशाचे पडदे लागलेत. बायकांनी मशीनं थांबवली. एकीने टाळी वाजवली. तो लाल झाला आणि म्हणाला, परत या दारात दिसू नकोस. ताई म्हणाली, दिसायला इथे असायला तर पाहिजे.

हे सगळं तिने आवाज काढून करून दाखवलं. बाबा पाठ दुखेपर्यंत हसले. मीही हसले. ताई इतकी मोकळी हसताना मी कधी बघितली नव्हती. कॅमेरा हाताशी नव्हता.

तिने विचारलं, परवान्याचं काय गं? मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. खोटं नाही हे. नकार हाही प्रोसेसचाच भाग असतो.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

कचेरीला अपील लिहिलं. चार पानं. छायाचित्रातल्या सावलीचं स्थान, पाहणाऱ्याची जबाबदारी, ओळख म्हणजे केवळ नाक-डोळे नव्हेत, वगैरे. शेवटी नम्रपणे लिहिलं की अंगणात असे अप्रतिम हात उभारणाऱ्या कचेरीकडून रसिकतेची अपेक्षा आहे. पुन्हा वाचताना माझेच डोळे भरून आले.

टाकून आल्यावर हलकं वाटलं. घरी ताई शिवणाच्या मशीनला तेल देत होती. म्हणाली, हे तुला ठेवून जाते, पण तू हात लावू नकोस, बिघडवशील.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

उत्तर: फोटो नियमानुसार जोडावा. सोबतच्या निबंधाची आवश्यकता नाही.

निबंध.

एकूण दोन ओळी. तेवढ्यासाठी पाच दिवस.

फोटो आज काढला नाही. संगीत नाही. कलाकृती: कचेरीच्या दारावरची 'ढकला' ही पाटी. ओढायचं दार आहे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

लेखी भाषा थंड असते, माणसाशी बोललं पाहिजे, म्हणून हेल्पलाइनला फोन केला. होल्डवर ठेवलं. होल्डवर एक धून वाजत होती, पियानोची, साधी, चार-पाच स्वर वर जातात आणि घाबरून परत येतात. आजचं संगीत हेच, असं ठरवून डोळे मिटून ऐकलं. खरोखर ऐकलं. दर वेळी तिसऱ्या फेरीला एक स्वर किंचित आधी पडतो. म्हणजे वाजवणारा माणूस होता, मशीन नव्हतं. कुठल्यातरी खोलीत बसून कोणीतरी, आपण कोणासाठी वाजवतोय हे माहीत नसताना, हे वाजवलं. मला भरून आलं. मी फोन कानाला धरून ते वहीत लिहायला लागले.

मध्येच एका बाईंचा आवाज आला, हॅलो, हॅलो, बोला. मी म्हटलं, एक सेकंद, एवढं वाक्य संपवू द्या. फोन कट.

परत लावला तर वेळ संपली होती.

आजचा दिवस कलेच्या बाजूने उत्तम गेला.

रविवार, १ मार्च

ठरवलं: तडजोड. तडजोडीतही कला असते. पाटी माळ्यावरून खाली काढून नियम वाचले. (परत माळ्यावर ठेवली.) ताईला सांगितलं की पहिला फोटो म्हणजे कच्चा खर्डा होता, आता पक्का काढायचा. ती म्हणाली, अगं, दिलीयस ना फाइल? म्हटलं, दिली आहे, पण आणखी चांगला जोडता येतो. हेही खोटं नाही.

स्टुडिओत नेलं. सरळ बसवलं, दिवे दोन्ही बाजूंनी, कान मोकळे. चाळीसेक काढले. काका लांबून म्हणाले, ग्रॅज्युएट, लग्न आहे का कोणाचं? ताईने स्क्रीनवर एकावर बोट ठेवलं. हा दे, यात मी मीच आहे.

खरं आहे, त्यात ती तीच होती. सहा वाजता कारखान्याच्या लाइनीत उभी राहायची तशी. पण त्याच्या पुढचाच फोटो! काकांच्या बोलण्यावर हसू येणार आणि तिने ते दाबलंय, ओठ नुकते सुटलेत. हसू नाही ते. हसण्याच्या आधीचं काहीतरी. ते आधीचं कोणी टिपत नाही.

तो जोडला. ताईला म्हटलं, तुझा जोडला.

हे मात्र थोडं खोटं आहे.

गुरुवार, ५ मार्च

नामंजूर. कारण: तोंड उघडे.

शुक्रवार, ६ मार्च

आता धावपळ. धावपळीत सुचतं माणसाला. ताईने बोट ठेवलेला फोटो छापून घेतला. काउंटरवर स्वतः द्यायचा, हातोहात. एजन्सीच्या बाईंनी ताईला सांगितलंय की तुकडीतल्या कोणाची फाइल सोमवारी आत गेली तरी शुक्रवारपर्यंत परवाना निघतो, त्यांची ओळख आहे. ताई एवढंच म्हणाली, सगळं ठीक आहे ना गं? मी म्हटलं, अगदी. तिने बॅगेत चादर भरली आणि परत काढली. मग परत भरली.

सोमवार, ९ मार्च

टोकन घेतलं. आत बसायला जागा नव्हती म्हणून अंगणात थांबले. नंबर अंगणातल्या भोंग्यावर पुकारतात.

पितळी हातांवर दुपारचं ऊन उतरलं होतं. इतके दिवस बघत होते पण आज बोटांच्या सावल्या फरशीवर पडून फरशीवर आणखी दोन हात झाले होते. आणि त्या सावलीत, सावली मिळते म्हणून, रांगेतली माणसं ओळीने बसली होती. म्हणजे पुतळा देत होता! प्रश्नाचं उत्तरच सापडलं. हा फोटो घेतला नसता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. उकिडवी बसले, आडवी झाले, कचऱ्याच्या डब्यावर चढले. मग वाटलं, त्यांना विचारावं. एका बाईंना विचारलं, हे हात बघून तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, वाटतं की नंबर लागावा. शेजारचा म्हणाला, मॅडम, सर्व्हे आहे का? यात सांगा की पंखे नाहीत.

खूप बोलले लोकांशी. लोक छान असतात.

आत गेले तर माझा नंबर होऊन गेला होता. खिडकीतला माणूस म्हणाला, तीन वेळा पुकारलं ताई. मी म्हटलं, मी इथेच होते. तो म्हणाला, इथे तर सगळेच असतात.

उद्या सकाळी पहिली. पहिली म्हणजे पहिली.

मंगळवार, १० मार्च

पहिली होते. फाइल त्यांनी घेतली. चार दिवस लागतील म्हणाले. मी म्हटलं, शुक्रवारी पाहिजे. ते म्हणाले, सोमवारी या. मी एजन्सीच्या बाईंच्या ओळखीचं सांगितलं. ते म्हणाले, काल आली असती तर त्यांच्या यादीत घातली असती, आज यादी वर गेली.

उभी राहिले थोडा वेळ. मागच्या माणसाने खांद्याला हात लावला.

बुधवार, ११ मार्च

फोटो नाही. संगीत नाही.

गुरुवार, १२ मार्च

एजन्सीच्या बाईंनी ताईला फोन केला. तुझे दोनदा नामंजूर झालेत आणि तू मला काल-परवापर्यंत सगळं ठीक सांगत होतीस? असं म्हणाल्या असाव्यात, कारण ताई फोनवर सारखी म्हणत होती, कोणाचे? माझे? नाही हो बाई, माझे कुठे नामंजूर झाले?

मग तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं. सावलीपासून सांगितलं. अपिलाचं सांगितलं, नियम किती जुने आहेत ते सांगितलं, होल्डचं नाही सांगितलं. पुतळ्याचंही नाही. आई दारात उभी होती. बाबा म्हणाले, अगं, तिला बसू तर दे. बसायला मशीनचं स्टूलच होतं. ताई त्यावर बसली.

मला वाटलं ओरडेल. सुपरवायझरला ओरडली तशी. तयारी ठेवली होती.

ती म्हणाली, मला एकदा सांगायचं होतंस गं. मी दुपारच्या सुट्टीत जाऊन कुठेही काढून आले असते.

तेवढंच. मग उठून कणीक मळायला गेली.

शुक्रवार, १३ मार्च

तुकडी गेली. ताईच्या जागेवर दुसरी कोणी.

खरं तर दोष एका माणसाचा नसतो, व्यवस्थेचा असतो. नियम करणाऱ्यांनी

(हे वाक्य पूर्ण करायचं आहे.)

सोमवार, १६ मार्च

परवाना आला. सुबक आहे, चकचकीत. त्यावर तो ताईने बोट ठेवलेला फोटो. आई म्हणाली, छान आलाय की. ताईने तो कपाटात चादरींखाली ठेवला. बॅग अजून मशीनच्या मागेच आहे. कोणीच तिला हलवत नाही.

ताई कारखान्यात विचारून आली. सुपरवायझर दारातच भेटला. काय म्हणाला ते तिने करून दाखवलं नाही.

बुधवार, १८ मार्च

डोकं वर काढायचं. संकल्प नव्याने: रोज तीन नाही, एकच गोष्ट. फोटो. तोही फक्त कामातला.

स्टुडिओत सकाळपासून रांग होती. आधी आनंद झाला. मग कळलं, सगळे नामंजूर झालेले. पेन्शनच्या म्हाताऱ्या बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा म्हणाला, आईला दीड महिना रडवलंत, आधी फोटोत आणि मग खिडकीवर. एकजण म्हणाला, माझा फोटो कुठला आहे यात, मला तर फक्त खिडकी दिसतेय. काका एकेकाला बसवत होते पण त्यांचे हात थरथरतात, दोनदा दिवा पाडला.

तेवढ्यात ताई माझा विसरलेला डबा द्यायला आली. काउंटरवर डबा ठेवला, जरा वेळ ती गर्दी बघितली. मग त्या म्हाताऱ्या बाईंना म्हणाली, आजी, या, आधी तुम्ही बसा. पदर खांद्यावरून असा घ्या. कान मोकळे करा. इकडे, माझ्या बोटाकडे बघा. काका, दाबा. काकांनी दाबलं. ताई म्हणाली, पुढे. कारखान्यात लाइन लावायची सवय आहे तिला. दुपारच्या आत रांग संपली.

मी फोटो कापत होते.

शेवटी काका मला म्हणाले, ग्रॅज्युएट, तू हुशार आहेस. मला वाटलं पुढे काहीतरी चांगलं येईल.

गुरुवार, १९ मार्च

ताईला स्टुडिओत घेतलं. माझ्या जागेवर. ती तयार नव्हती. मला म्हणाली, तुझी नोकरी मी कशी घेऊ? मी म्हटलं, घे. हे मात्र पूर्ण खरं बोलले.

पाटी माळ्यावरून खाली आली म्हणे. कठड्याचा फोटो काकांनी गुंडाळून ताईबरोबर घरी पाठवला. मी तो कॉटखाली ठेवला.

मंगळवार, २४ मार्च

घरी बसून विचार. आत्मपरीक्षण. कलाकार आपल्या काळाच्या पुढे असतो हे मान्य केलं, तरी परवान्याच्या तारखेच्या मागे असू नये. हे वाक्य चांगलं झालंय. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं आणि मग खोडलं. मग परत लिहिलं, कारण खरं तेच लिहायचं ठरलंय.

सकाळी ताई जाताना मशीन ओलांडते आणि बॅगही. मला जाग असते. मी झोपल्यासारखं करते.

मंगळवार, ३१ मार्च

बाबांच्या ओळखीने कुरिअरच्या गोदामात काम मिळतंय. पाकिटं गावांप्रमाणे वेगळी करायची. बाबा म्हणाले, वाचता येणारं माणूस पाहिजे होतं त्यांना. ते सरळपणे म्हणाले, टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

वाटलं, वेगवेगळ्या गावांची नावं वाचण्यातही एक संगीत असू शकेल. मग वाटलं, गप बस.

सोमवार, ६ एप्रिल

गोदामाला आयकार्डसाठी फोटो हवा होता. कुठे दुसरीकडे काढावा असा विचार केला. पण मग ताईला कळलं असतं की दुसरीकडे काढला. म्हणून गेले.

रांगेत उभी राहिले, सगळ्यांसारखी. माझ्या पुढे एक प्लंबर होता, त्याला ताई म्हणाली, भाऊ, एवढं घाबरू नका, इंजेक्शन नाहीये. तो हसला, ती थांबली, त्याचं हसणं पुरतं ओसरू दिलं आणि मग दाबलं. काका रेडिओपाशी डुलत होते. मला बघून म्हणाले, या ग्रॅज्युएट.

स्टुलावर बसले. इथून दिवे डोळ्यांत जातात. मला माहीत नव्हतं. इतक्या लोकांना मी इथे बसवून आठवणी काढायला लावल्या आणि त्यांना समोरचं काही दिसतच नसणार.

ताईने माझे केस कानामागे घेतले. बोटं तिची नेहमीसारखी खरखरीत. हनुवटी धरून जरा वर केली. मला वाटलं, आता बोलते मी. सगळं बोलते, होल्डचं, हातांचं, तिने निवडलेल्या फोटोचं. म्हटलं, ताई.

ती कॅमेऱ्यामागे गेली होती. म्हणाली, तोंड मीट.

मिटलं.

झालं, म्हणाली. ऊठ, मागे लोक थांबलेत.